इंग्लंडमध्ये ओळीतल्या घराच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, खोली करताना सामाईक भिंतीत बीम घालायला शेजाऱ्याची परवानगी लागते का? बिल्डर म्हणतो, काही गरज नाही.

बिल्डर दोन गोष्टींची गल्लत करतोय. ओळीतल्या घराचं छप्पर ४० घनमीटरपर्यंत वाढवायला बहुतेक वेळा प्लॅनिंगचा, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या बांधकाम परवानगीचा, अर्ज करावा लागत नाही, हे खरं. पण भिंतीचा कायदा वेगळा आहे, १९९६ चा पार्टी वॉल कायदा. बीमचं टोक सामाईक भिंतीत बसणार असेल तर काम सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तुमचं घर मधलं असेल तर दोन्ही बाजूंना. शेजाऱ्याने १४ दिवसांत लेखी होकार दिला की झालं. तो गप्प बसला तर ती संमती नव्हे, कायदा त्याला वादच धरतो. मग असे वाद सोडवणारे सर्व्हेअर येतात, अटी ठरवतात आणि त्यांचा खर्च सहसा आपल्याच खिशातून जातो. त्यामुळे काम कायमचं अडत नाही, उशीर मात्र होतो. आम्ही नोटिशीआधी नकाशा घेऊन दोन्ही घरी जाऊन आलो, तेवढ्याने बरंच निभावलं.

आता खरी गंमत भिंतीतच आहे. लॉफ्टची सध्याची जमीन म्हणजे खालच्या खोलीचं छत. तिची लाकडं छत पेलण्यापुरती असतात, माणसं आणि कपाटं पेलण्यासाठी नव्हेत. म्हणून नवी जमीन स्टीलच्या बीमवर बसते आणि बीमची टोकं दोन्ही सामाईक भिंतींवर टेकतात. पण जुन्या घरांत खाली नऊ इंच असलेली भिंत वर लॉफ्टमध्ये कधीकधी साडेचार इंचांचीच निघते! आमच्याकडे एका बाजूला आणखी एक अडचण होती. शेजाऱ्यांनी आधीच लॉफ्ट केलेलं होतं आणि आमचं टोक जिथे यायचं, नेमका तिथेच त्यांचा बीम भिंतीत शिरलेला. इंजिनिअरने आमचा बीम थोडा सरकवला. हे नकाशावर असतानाच कळलं, म्हणून सोपं गेलं. तेव्हा आधी इंजिनिअर, मग नोटीस, बिल्डर सगळ्यात शेवटी.

वाशांना मध्यावर तोलणारं आडवं लाकूड 'मध्ये येतं' म्हणून कोणी कापायला निघालं तर थांबवा. त्याचा भार दुसरीकडे नेल्याशिवाय ते काढलं तर छप्पर खचतं. धुराडं पाडायचं असेल तर तेही नोटिशीतच घाला, ते बहुधा शेजाऱ्याच्या धुराड्याला जोडलेलं असतं.

बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालंय का हे तपासणाऱ्यांची, मंजुरी यापलीकडे लागतेच. दुमजली घरावर तिसरा मजला आला की जिन्याला आगीपासून संरक्षण द्यावं लागतं, त्यामुळे खालच्या मजल्यांचे दरवाजेही बदलायची वेळ येऊ शकते. हा खर्च अंदाजपत्रकात आहे का, ते आत्ताच विचारा.

आणि काम सुरू होण्याआधी शेजारच्या भिंतींचे आणि छतांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, त्यांच्यादेखत. आमचं काम संपल्यावर शेजारच्या बाईंनी छताजवळची एक चीर दाखवली. आमच्या फोटोत ती पहिल्या दिवसापासून होती.