अतिरिक्त पाणी कोणाचे? कृष्णाकाठच्या वाचकांना उत्तरे

पावसाळा सुरू झाला की कृष्णेच्या पाण्याबद्दल दरवर्षी तेच गोंधळ पत्रांतून येतात. यंदाचे काही प्रश्न घेतो.

१ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग म्हणजे दिवसाला किती टीएमसी (अब्ज घनफूट)?

तोच विसर्ग चोवीस तास टिकला तर ८.६४.

पुराचे पाणी समुद्रालाच जाते. ते वळवायला दुसऱ्या राज्यांना कशाला विचारायचे?

नदीला आलेला पूर वेगळा आणि हिशेबातले अतिरिक्त पाणी वेगळे. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने शंभरपैकी ७५ वर्षे हमखास मिळेल असे २०६० टीएमसी पाणी धरले. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकला, ८०० आंध्राला. त्यावरचे, म्हणजे अतिरिक्त, पाणी वापरायची मुभा आंध्राला दिली, हक्क दिला नाही. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने हेही पाणी वाटले आणि आपला वाटा ६६६ टीएमसी झाला. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यामुळे तो निवाडा राजपत्रात आलेला नाही, म्हणजे लागू झालेला नाही. ही दिरंगाई शेतकऱ्याला महागात पडते. तुमच्या योजनेला पाणी कोणत्या वाट्यातून मिळणार, हे पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची दारे उघडली की सांगलीचा पूर ओसरतो, हे खरे ना?

नुसत्या ऐकीव माहितीवर हो किंवा नाही म्हणणार नाही. वरच्या कोयना-वारणा धरणांचा विसर्ग, धरणांखालच्या मोकळ्या पाणलोटातला पाऊस आणि अलमट्टीची पातळी, तिन्हींचे तासातासाचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्यावर बोलूच नये.

खरी काळजी दुसरीच आहे. कोणत्या तारखेला धरण किती भरलेले असावे, हे जलाशय परिचालन सूचीत आधी ठरलेले असते. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, ५१९.६ मीटर पातळीला अलमट्टीची १२३. पण जुलैतच भरलेल्या धरणाला पूर अडवता येत नाही; वरून येईल तेवढे पाणी खाली सोडावेच लागते. ऑक्टोबरात धरण अपुरे राहिले तर जाब विचारला जातो, म्हणून लवकर भरून ठेवण्याकडे कल असतो. हे आपल्या धरणांनाही लागू आहे. पूर अंगावर आल्यावर दोन राज्यांनी फोनाफोनी करणे म्हणजे परिचालन नव्हे. जूनपूर्वीच दोघांच्या सूच्या एकमेकींशी जुळवा, विसर्गाचे आकडे लोकांसमोर ठेवा. अतिरिक्त पाण्याची वाटणीही यावरच अवलंबून आहे. धरणात जागाच नसेल तर कागदावरचा वाटा साठवणार कुठे? अलमट्टीची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या वादातही मी उंचीइतकेच सूचीबद्दल विचारीन.

नदीकाठी बांधकाम करणार असाल तर निळी आणि लाल पूररेषा (नेहमीच्या मोठ्या पुराची आणि क्वचित येणाऱ्या महापुराची हद्द) पाटबंधारे विभागात आधी तपासा.

जास्तीच्या पाण्याच्या वाटणीचे प्रमाण आधीच ठरवता येते का?

येते. नर्मदा लवादाने १९७९ मध्येच ते ठरवले: मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र यांना ७३:३६:२:१. तुटीच्या वर्षीही तेच.

कृष्णेचे पुराचे पाणी इकडे वळणार, म्हणून दलाल जमीन घ्यायला सांगतो. घेऊ का?

त्याच्या शब्दावर मुळीच नको. वळवण्याची घोषणा झाली म्हणजे पाणी आले असे होत नाही. मंजूर लाभक्षेत्राच्या नकाशात तुमचा गट क्रमांक आहे का, ते विभागीय कार्यालयात पाहा. प्रशासकीय मान्यतेची प्रत मागा. इसार देण्याआधी कागदपत्रे वकिलाला दाखवा.