पियानो ट्रायो ऐकायला सुरुवात करताना: आधी हायडन

पियानो ट्रायो, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनच्याच जातीचे, पण मोठे आणि खर्जातले वाद्य) यांसाठीची रचना, कुठून ऐकायला लागावे असे तुम्ही विचारलेत, तर बेथोव्हेनच्याही आधी संगीतकार योझेफ हायडनकडे जा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच्या ट्रायोंमध्ये चेलो बराच वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच सूर धरून चालतो, म्हणून पुष्कळ जण चेलोला दुय्यम मानतात. पण त्या काळच्या पियानोचा खर्जातला नाद आजच्यापेक्षा क्षीण असे आणि लवकर विरत असे, त्यामुळे त्या सुरांना टिकाव आणि वजन देण्याचे काम चेलोकडे होते, हे ध्यानात ठेवून ऐकले की त्याचे मोल कळते.

१७९५ मधला जी मेजर या स्वरपट्टीतला ट्रायो शेवटच्या ‘जिप्सी’ धाटणीच्या रोंडोमुळे (मुख्य धून पुन्हा पुन्हा परतते अशा भागामुळे) चटकन आवडतो, तो ऐकाच. माझा जीव मात्र १७९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पियानोवादक तेरेसा यान्सेन बार्तोलोत्सी यांना अर्पण केलेल्या ई मेजर ट्रायोवर जडला आहे. आरंभीच व्हायोलिन आणि चेलो गज न लावता बोटांनी तारा छेडतात आणि त्यांच्या साथीने पियानोची धून अशी उमटते की तिन्ही वाद्यांतून चौथेच कुठले तरी वाद्य वाजते आहे, असा भास होतो. दुसऱ्या भागात तिघे एकाच सुरावटीने सुरुवात करतात, मग पियानो बराच वेळ एकटा चालत राहतो. ही गंभीर वाटचाल घाईत ऐकू नका.

दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष फक्त चेलोवर ठेवा, आणि शक्य झाल्यास हायडनकालीन वाद्यांवरचे ध्वनिमुद्रणही मिळवा.