‘फुकट काम करणाऱ्याला पगार कोण देतो?’

प्रश्न : माझे डिचोली बाजारात विद्युत साहित्याचे दुकान आहे. मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीसाठी घरी आला आहे. सातव्या सत्रात महाविद्यालयात कंपन्या येतील, पण आपण मुलाखतींना बसणार नाही, फक्त ओपन सोर्सचे काम करणार, असे तो म्हणतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवतात, असे त्याचे मत आहे. गेल्या वर्षी त्याने दुकानातले बिलाचे विकतचे सॉफ्टवेअर काढून एक मोफत सॉफ्टवेअर बसवले आणि ऐन चवथीच्या आठवड्यात बिल छापणे बंद पडले. तेव्हापासून घरात या विषयावर नीट बोलणे होत नाही. फुकट काम करणाऱ्याला पगार कोण देतो, एवढे मला समजावून सांगावे. त्याच्या कामाचा इंटरनेटवरचा पत्ता सोबत जोडला आहे. सरकारी नोकरीत या शिक्षणाचा काही उपयोग होईल का, तेही कळवावे. – एक पालक, डिचोली (पत्र संक्षिप्त)

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, पगार बहुतेक वेळा कंपन्याच देतात. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचे उदाहरण घ्या. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ती हौसेखातर लिहायला घेतली. आज तिच्या गाभ्यात होणारे बहुतांश बदल इंटेल, गूगल, रेड हॅट यांसारख्या कंपन्यांचे पगारी अभियंते कामाच्या वेळेत करत असतात. या कंपन्यांचा बराच कारभार लिनक्सवर चालतो, त्यामुळे ते धडधाकट ठेवणे ही त्यांचीच गरज आहे. आपल्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्याही तळाशी लिनक्सच आहे. हे चिरंजीवांना ऐकवले तर त्यांचा थोडा हिरमोड होईल आणि आपल्याला थोडा धीर येईल.

मोफत आणि मुक्त हे मराठीत दोन निरनिराळे शब्द आहेत, त्यामुळे इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे होणारा घोळ आपल्याकडे व्हायला नको होता. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो असे मुक्त सॉफ्टवेअर, आणि हा हक्क त्याच्या परवान्यात लिहिलेला असतो. त्यासाठी कोणी पैसे घेऊ नयेत, असे त्या परवान्यात कोठेही म्हटलेले नसते.

आपल्या दुकानातला प्रसंग मी दोनदा वाचला, कारण या चळवळीचा उगमही छपाईयंत्रापाशीच झालेला आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचे एक नवे लेझर छपाईयंत्र आले. त्यात कागद वरचेवर अडकत असे. जुन्या यंत्राच्या वेळी तेथील प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सोर्स कोडमध्ये फेरफार करून कागद अडकला की संबंधितांना संगणकावर सूचना मिळेल अशी सोय केली होती. नव्या यंत्राचा सोर्स कोड मात्र कंपनीने दिला नव्हता. तो ज्याच्यापाशी होता त्या दुसऱ्या विद्यापीठातील गृहस्थांकडे स्टॉलमन मागायला गेले, तेव्हा आपण तो कोणाला न देण्याच्या करारावर सही केली आहे, असे सांगून त्यांनी नकार दिला. या नकाराचा सल स्टॉलमन यांच्या मनात राहिला, आणि 1983 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आपला मुलगा जे बोलतो त्याचे मूळ येथे आहे. यंत्र आपल्या खोलीत उभे आहे, ते कशामुळे बिघडते हे आपल्याला कळते आहे, दुरुस्त करण्याची अक्कलही आपल्यापाशी आहे, आणि तरी हात लावण्याची मुभा नाही, याचा त्याला राग येतो. तो राग मला वावगा वाटत नाही.

दुकानदार म्हणून आपल्यालाही त्याची थोडी ओळख असेल. विकतच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक नूतनीकरण महागले की आपण चरफडत पैसे भरता, कारण पाच वर्षांची बिले, उधारीची खाती आणि मालाचा हिशेब त्याच्या पोटात असतो आणि तो दुसरीकडे नेणे सोपे नसते. बांधून ठेवणे म्हणतात ते हेच. मोठमोठ्यांनाही ते चुकलेले नाही. लिनक्सचे अभियंते आपल्या कामाच्या नोंदी ठेवण्यासाठी बिटकीपर नावाचे एका कंपनीचे सॉफ्टवेअर वापरत असत आणि कंपनीने ते त्यांना विनामूल्य दिले होते. 2005 मध्ये कंपनीने ही सवलत काढून घेतली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी गिट हे पर्यायी साधन स्वतः लिहून काढले. आज जगभरातले बहुसंख्य प्रोग्रामर गिट वापरतात आणि आपला मुलगाही महाविद्यालयाचा प्रकल्प त्यातच ठेवत असणार.

आता चवथीच्या त्या आठवड्याकडे वळतो. दिव्यांच्या माळा घ्यायला गिऱ्हाइके दारात उभी आहेत, यंत्रातून बिलाची कोरी पट्टी बाहेर येते आहे, आपण फोन लावता आहात आणि मुलगा वर्गात असल्यामुळे त्याचा फोन बंद आहे, असे आपण लिहिले आहे. दोष सॉफ्टवेअरचा होता की यंत्राशी त्याची जोडणी चुकली होती, हे मला येथे बसून ठरवता येणार नाही. परंतु जुन्या सॉफ्टवेअरला म्हापशाचा एक डीलर होता, तो फोन उचलत असे आणि फारच अडले तर स्कूटरवरून येतही असे, हे आपलेच शब्द आहेत. नव्या सॉफ्टवेअरचा डीलर आपला मुलगा होता आणि त्या घटकेला तो भौतिकशास्त्राच्या तासाला होता की आणखी कशाच्या, याच्याशी गिऱ्हाइकाला काही देणेघेणे नव्हते. कोड चांगला असणे वेगळे आणि अडल्या वेळी फोन उचलणारा माणूस असणे वेगळे, हे त्या दिवशी दोघांनाही कळायला हवे होते. भांडणात ते राहून गेले.

रेड हॅट या कंपनीचा धंदा याच फरकावर उभा राहिला. तिच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मुक्त होता, तरीही बँका आणि मोठे उद्योग तिला दरवर्षी वर्गणी भरत, कारण दुरुस्त्या वेळेवर मिळतील आणि रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला तर पलीकडून कोणीतरी जबाबदारीने बोलेल, याची त्या वर्गणीत हमी होती. 2019 मध्ये आयबीएमने ही कंपनी सुमारे 34 अब्ज डॉलर्सना विकत घेतली. तिचे एक कार्यालय पुण्यात आहे, म्हणजे आपल्या मुलाला ध्यासापायी साता समुद्रापार जाण्याचे कारण नाही. आणखी घरगुती उदाहरण हवे असेल, तर ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि मालसाठ्याचे मुक्त सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रापे कंपनीचे आहे. ते कोणालाही आपल्या संगणकावर विनामूल्य बसवता येते, आणि ज्यांना ही यातायात नको त्यांच्याकडून कंपनी सेवेचे पैसे घेते.

मुलाला मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. ज्या प्रकल्पांच्या मागे अशी कंपनी नसते त्यांची अवस्था आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधासारखी होते. बांध सगळ्यांचा असतो, त्याच्या आड सगळ्यांचे भात पिकते, पूर्वी गावकरी मिळून त्याची डागडुजी करत आणि मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, लक्ष ठेवत. आता जेथे कोणीच बघत नाही तेथे खारे पाणी शेतात शिरते. 2024 च्या मार्च महिन्यात असेच घडता घडता राहिले. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारे छोटेसे साधन असंख्य लिनक्स प्रणालींमध्ये वापरले जाते आणि त्याची देखभाल अनेक वर्षे एक थकलेला गृहस्थ बिनपगारी करत होता. त्याला मदत करण्याच्या मिषाने टोपणनावाची एक व्यक्ती आली, दोनेक वर्षे गोड बोलून आणि चांगले काम करून तिने विश्वास मिळवला आणि अखेर त्यात चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरता येईल अशी वाट, बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला, तो त्याचे कारण शोधत गेला आणि हा प्रकार उघडकीस आला. हा अभियंता पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करणारा होता आणि त्याचा पगार मायक्रोसॉफ्टकडून येत होता. कंपन्यांची नोकरी म्हणजे तत्त्वाला तिलांजली, असे जो मुलगा मानतो त्याने या एका माणसाचा विचार करावा.

तेव्हा माझा सल्ला असा की, मुलाने मुलाखतींना बसावे. मुक्त प्रकल्पात थेट पगारी काम बहुधा त्यालाच मिळते, ज्याचे काम लोकांनी काही वर्षे पाहिलेले असते. पदवी हातात पडल्यावर ही काही वर्षे घरखर्चाने काढणे त्याला जमेल की नाही, हे आपण दोघांनी आकडे मांडून ठरवायचे आहे, आवाज चढवून नव्हे. शिवाय ज्या कंपनीत तो लागेल तेथेही लिनक्स, पोस्टग्रेस, गिट हीच साधने त्याच्या पुढ्यात येण्याची शक्यता मोठी आहे.

परंतु नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी दोन कलमे त्याने आपल्यासमोर बसून मोठ्याने वाचावीत. एक बाँडचे : किती वर्षे सोडता येणार नाही आणि सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल. दुसरे बौद्धिक संपदेचे, आणि मुले नेमके तेच वाचत नाहीत. नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने लिहिलेले सर्व काही कंपनीच्या मालकीचे राहील, असे काही करारांत इतक्या ऐसपैस भाषेत लिहिलेले असते की, रविवारी घरी बसून एखाद्या मुक्त प्रकल्पासाठी लिहिलेल्या ओळीही त्यात ओढल्या जाऊ शकतात. मुलाखतीच्या शेवटी, ‘मुक्त प्रकल्पांत योगदान देण्याविषयी आपल्याकडे काय नियम आहे?’ असे त्याने नम्रपणे विचारावे आणि होकार मिळाला तर तो ईमेलवर लेखी घ्यावा. या प्रश्नाने कोणाची नोकरी हुकल्याचे माझ्या पाहण्यात नाही. उलट, समोरचा जाणता असेल तर त्याचे कान टवकारतात.

आपण पाठवलेल्या पत्त्यावर मी त्याचे काम पाहिले. खरे सांगायचे तर, त्यातल्या तीसेक नोंदी माहितीपत्रकातील शुद्धलेखन सुधारल्याच्या आहेत आणि त्यांवर कोणी त्याला बोलावणार नाही. एक नोंद मात्र फार चांगली आहे. शोध घेणाऱ्या एका मुक्त साधनात हिंदी शब्द सहज सापडावेत म्हणून अक्षराखालचा नुक्ता (टिंब) गाळून टाकणारी एक ओळ होती. युनिकोड या संगणकावरील अक्षरांच्या संकेतप्रणालीत मराठीचा ‘ऱ’ हा ‘र’ आणि नुक्ता असा फोडता येतो, त्यामुळे त्या ओळीने ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होत असे, म्हणजे डोंगरातली वाट शोधणारा माणूस समुद्रावर पोचत असे. आपल्या मुलाने हे हेरले, दोष कसा दिसतो ते दाखवणारी चाचणी लिहिली, प्रकल्प सांभाळणाऱ्या परदेशी माणसाशी तीन आठवडे न चिडता पत्रव्यवहार केला आणि सुधारणा स्वीकारली गेली. मुलाखतीत त्याने हीच गोष्ट सांगावी. मराठीचे शब्दशुद्धी तपासक, टंक (फॉन्ट), लिब्रेऑफिससारख्या सॉफ्टवेअरची मराठी रूपे अशा ठिकाणी या प्रकारचे काम भरपूर पडून आहे, आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतला फरक ज्याला उपजत कळतो असा अभियंता त्यासाठी लागतो.

अंतिम वर्षात त्याने गूगल समर ऑफ कोडसाठी अर्ज करावा. 2005 पासून चालणाऱ्या या उपक्रमात मुक्त प्रकल्पावर मार्गदर्शकाच्या हाताखाली काही आठवडे काम करून मानधन मिळते. प्रस्ताव वसंतात मागवतात. पण प्रकल्पाच्या लोकांशी ओळख दिवाळीपासूनच करून घेतलेली बरी. आपण शेवटी सरकारी नोकरीचेही विचारले आहे (गोव्यातल्या पालकांच्या पत्रात हा प्रश्न आला नाही तर मलाच चुकल्यासारखे वाटते). केंद्र सरकारने 2015 मध्ये ई-प्रशासनात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारलेले आहे, त्यामुळे त्याचे हे शिक्षण तेथेही वाया जाणार नाही.

परवान्यांचा अभ्यास त्याने जरूर करावा, कारण त्याचा राग अजून अर्धवट माहितीवर उभा आहे. मुक्त म्हणून नावाजलेल्या कंपन्याही शब्द फिरवतात. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने 2024 मध्ये परवाना कडक केला. परंतु आधीचा कोड मुक्त परवान्याखाली असल्यामुळे इतरांनी तो उचलून व्हॅल्की या नावाने पुढे चालवला, आणि 2025 मध्ये रेडिसने पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. कंपनी भली की बुरी यापेक्षा कागदावर काय लिहिले आहे, यावर येथे सगळे ठरले. त्याच्या स्वतःच्या प्रकल्पांत परवान्याची फाइलच नाही, हेही त्याला दाखवावे. ती नसली तर कायद्याने तो कोड इतरांना वापरता येत नाही आणि मुक्ततेचा पुरस्कर्ता नकळत मालकी हक्क राखून बसतो.

दुकानापुरते म्हणाल, तर विकतचे सॉफ्टवेअर सध्या राहू द्यावे. या सुट्टीत मुलाला एवढेच काम द्यावे की, त्यातली पाच वर्षांची बिले आणि उधारी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून दर महिन्याला जपून ठेवण्याची सोय करावी. उद्या बदल करायचा ठरला तर आपले हात मोकळे असतील. मग मुक्त सॉफ्टवेअर त्याने दुसऱ्या संगणकावर बसवावे, दोन्हींवर दोन महिने तीच बिले करून पाहावीत, आणि त्याचा फोन बंद असेल तेव्हा कोणाला फोन करायचा, त्या माणसाचे नाव व क्रमांक गल्ल्याजवळ भिंतीवर लिहून ठेवावा. हा प्रयोग मात्र चवथ आटोपल्यावर.