संस्था नफा कमवत नाही, एवढ्याने फोटो आपला होत नाही

ताई, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तुम्ही वर्ग चालवता आणि त्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. त्यात गूगलवर मिळालेले दोन फोटो, एका स्वयंसेवकाने काढलेले वर्गाचे फोटो, मागे एक प्रार्थना, आणि सुरुवातीलाच हातात कोयता घेतलेली मुलगी. तुम्ही विचारलंत, "आम्ही धर्मादाय नोंदणी असलेली संस्था, एक रुपया कमवत नाही, मग अडचण काय?" गेली 17 वर्षं मी संस्थांचे अहवाल आणि व्हिडिओ करते. सगळ्यात मोठी अडचण ती मुलगी आहे, म्हणून आधी तिचंच.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 सांगतं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमातून उघड करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कामगार कायदे मोडून राबवलं जाणारं मूलही याच व्याख्येत येतं. म्हणजे कोयता दाखवून तुम्ही जे लोकांपुढे आणू पाहता, त्याच कारणाने तो फोटो बंदीत जाऊ शकतो. आईचा अंगठा घेऊन हे सुटत नाही. अशा मुलाच्या बाबतीत परवानगी बालकल्याण समिती देऊ शकते, तीही मुलाच्या हिताचं असेल तरच.

कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच म्हणेन. आमच्या एका अहवालात नऊ वर्षांच्या मुलीचा ताट हातात धरलेला फोटो होता, खाली 'भुकेलेलं बालपण' असं मीच लिहिलं होतं. ती अकरावीत गेली तेव्हा वर्गातल्या कुणाला तरी ती पीडीएफ सापडली. तिने फोन करून एवढंच विचारलं, "मॅडम, हे काढता येईल का?" आमच्या वेबसाइटवरून त्याच दिवशी काढलं. देणगीदारांकडे गेलेल्या प्रती कशा काढणार?

मुलांचे चेहरे नकोतच. मजुरांच्या कोप्या (झोपड्या) दाखवा, पाटीवरची अक्षरं दाखवा, मुलांनी काढलेली चित्रं दाखवा, शिकवणाऱ्या बाई बोलताना दाखवा. ज्या आया स्वतःहून बोलायला तयार आहेत त्यांची लेखी संमती घ्या, पण मजूर पुरवणाऱ्या मुकादमासमोर नको. त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली बाई त्याच्यासमोर नाही म्हणूच शकत नाही. कागद वाचून दाखवा, व्हिडिओ कुठे कुठे जाणार ते सांगा, आणि नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा तो नंबर तिच्याकडे राहू द्या.

आता स्वयंसेवक. पगारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेला फोटो संस्थेचा, पैसे देऊन काढून घेतलेलाही सहसा संस्थेचा, वेगळा करार नसेल तर. स्वयंसेवकाने प्रेमाने काढलेला फोटो मात्र त्याचाच राहतो. त्याच्याकडून लेखी परवाना घ्या आणि त्यात मुदत आणि प्रदेश नक्की लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचा व्हिडिओ परदेशातले देणगीदारही बघणार.

गूगल फोटो शोधून देतं, हक्क देत नाही. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या फोटोसंग्रहात बघा. तिथे प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. 'सीसी बीवाय' (श्रेय देऊन वापरा असा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) असेल तर छायाचित्रकाराचं नाव, मूळ दुवा, परवान्याचं नाव आणि काही बदललं असेल तर तेही द्यायचं. इतर ठिकाणी 'एनसी', म्हणजे 'व्यावसायिक वापर नको', दिसलं की संस्था हरखतात, पण ती अट कोण वापरतंय हे बघत नाही, कशासाठी वापरतंय हे बघते. प्रायोजकाच्या जाहिरातीत तो फोटो गेला की तुमची नोंदणी वाचवत नाही.

संगीताबाबतचा गैरसमज कुठून येतो तेही सांगते. ना-नफा मंडळाने आपल्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खरंच मोकळीक आहे. ती सभागृहापुरती, तेच गाणं व्हिडिओला जोडून इंटरनेटवर टाकायला नाही. तुमची प्रार्थना साने गुरुजींची. ते 1950 मध्ये गेले, त्यामुळे शब्दांवरचा हक्क 2010 अखेर संपला. पण चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा त्याहून वेगळा. तुमच्या बाईंनी स्वतःच्या चालीत म्हटली तर प्रश्नच मिटला. तयार संगीत घ्यायचं झालं तर 'एनडी', म्हणजे 'बदल करू नका', लिहिलेलं टाळा. व्हिडिओला जोडणं हाच त्या परवान्यात बदल धरला जातो.

व्हिडिओ मे महिन्यात टाकणार म्हणालात. आयांच्या संमतीचं काम तोवर ठेवू नका. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की कुटुंबं आपापल्या गावी जातात, मग कागद वाचून दाखवायला कुणी भेटणार नाही.