शिबिर संपल्यावरचं काम
लायन्स क्लबात आलास, फार बरं वाटलं. सुरुवातीला आपल्या नेत्रशिबिरात नोंदणीच्या टेबलावर बस, माणसं तिथेच कळतात. 1925 मध्ये दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या लेखिका हेलन केलर यांनी लायन्सना दृष्टिहीनांसाठी साद घातली, तेव्हापासून डोळ्यांचं काम आपल्या जिव्हाळ्याचं. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही, पुढे काही आठवडे थेंब घालावे लागतात. एका आजींकडे गेले, तर बाटलीचं सीलही तसंच! हात थरथरतो म्हणून उघडलीच नव्हती. शेजारच्या मुलीला शिकवलं, तेव्हा जिवात जीव आला. म्हणून यादीत पत्त्यापुढे ‘थेंब कोण घालणार’ हे लिहूनच घे. आणि हो, सेवेसाठी लोकांनी दिलेला पैसा वेगळ्या खात्यात असतो. बैठकीचा खर्च त्यातून कधीच नको.