सोसायटीच्या बागेत दिसलेले मिलिपीड (वाणी किंवा पैसा किडा) भारतात प्रथमच सापडले, हे छायाचित्रावरून सिद्ध होते का?

होत नाही. निसर्गछायाचित्रांच्या संकेतस्थळावर आपल्या छायाचित्राखाली कोणी 'भारतासाठी नवीन' असे लिहिले असेल, तर तो अंदाज आहे, नोंद नव्हे.

मिलिपीडची जात रंगावरून ठरत नाही. बहुतेक गटांत प्रौढ नराच्या शरीराच्या सातव्या वलयावरील पायांचे रूपांतर वीर्य पोहोचवणाऱ्या अवयवांत झालेले असते आणि त्या गोनोपॉडची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज जाणकार सहसा जातीचे नाव घेत नाहीत. हाती मादी किंवा पिल्लू असेल, तर अनेकदा कुळापाशीच थांबावे लागते.

हे मी इतक्या चिडीने लिहितो आहे, कारण गोरेगावच्या एका रोपवाटिकेत कुंड्यांखाली फिकट कडांची, चपट्या पाठीची मिलिपीड निघाली, तेव्हा आमच्या निसर्गमंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी छायाचित्र काढून तेथल्या तेथे 'देशातील पहिली नोंद' जाहीर केली. दोन नर अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि स्थळ, तारीख व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी कुपीतच टाकावी, असे मी सुचवताच त्यांनी मला सर्वांदेखत खाटीक म्हटले आणि सगळे प्राणी मातीत सोडून दिले. पुढे ती रोपवाटिका उठली व त्या जागी वाहनतळ झाला. काँक्रीट ओतताना किती मिलिपीड गाडली गेली, याचे दुःख मात्र मंडळात कोणालाही झालेले मी पाहिले नाही. छायाचित्राचे कौतुक अजून चालू आहे, प्राणी कोणता होता हे त्यांनाही सांगता येत नाही.

शिवाय मुंबईतील रोपे आंध्रातील कडियमसारख्या ठिकाणांहून मातीसकट येतात. ऑक्सिडस ग्रॅसिलिस ही मिलिपीडची जात अशाच कुंड्यांतून जगभर पसरली, त्यामुळे सापडलेला प्राणी येथला आहे की पाहुणा, हेही तपासावे लागते. गोलोवाच आणि वेसेनर या अभ्यासकांच्या २०१६ च्या यादीत भारतातील मिलिपीडच्या सुमारे २७० जाती आहेत; आधी ती पाहावी, मग अटेम्सच्या भारतीय मिलिपीडवरील १९३६ च्या ग्रंथासारखी मूळ वर्णने. 'शहरात काय सापडणार' असे म्हणणाऱ्यांनी वेल्समधील मार्डीच्या बंद कोळसाखाणीचा ढिगारा आठवावा. तेथे सापडलेली मिलिपीडची एक जात ब्रिटनलाच काय, विज्ञानालाही नवी होती.

मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नये, आणि नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचा असल्यास २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम आधी पाहावेत. सरसकट गोळा करण्याचीही गरज नाही; दोन-तीन प्रौढ नर पुरतात. छायाचित्र जरूर काढावे, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतात. आमच्या त्या ज्येष्ठांच्या कॅमेऱ्याला मी एवढेच श्रेय देतो.