गोष्टीतला आकडा कामाला लावा

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते, पण ‘पाच संत्री आण’ म्हटलं की हाताला येतील तेवढी घेऊन येते. रोज रात्री सात बहिणींची, तीन भावांची गोष्ट सांगते, तरी फरक नाही. काय चुकतंय?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, पन्नासपर्यंत म्हणणं हे पाठांतर झालं. मोजायला आणखी दोन गोष्टी जमाव्या लागतात : एका वस्तूला एकच आकडा देणं, आणि शेवटचा आकडा म्हणजेच ‘एकूण इतके’ हे उमगणं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यांत ही दोन्ही आहेत.

तुमच्या गोष्टीत सात बहिणींच्या पाच केल्या तरी काही बिघडत नाही. मग मुलीने त्या आकड्याकडे लक्ष का द्यावं? आकडा चुकला की गोष्ट अडली पाहिजे.

नागपूरच्या महाराजबागेतल्या माकडिणीची गोष्ट घ्या. तिला तीन पिल्लं, म्हणून तीन वाट्या मांडा. टोपलीत सात-आठ संत्री ठेवा. प्रत्येक पिल्लाला एकच हवं, आणि माकडीण सगळी एकाच खेपेत आणणार. मुलगी माकडीण. पहिले दोन दिवस टोपली वाट्यांशेजारीच असू द्या. नंतर ती दुसऱ्या खोलीत न्या. आता वाट्या दिसत नाहीत, आकडा डोक्यात धरून जावं लागतं. खरी मोजणी इथे सुरू होते. संत्रं कमी पडलं तर एक पिल्लू उपाशी राहतं. चूक तिची तिलाच दिसते, तुम्ही कृपा करून सांगू नका. तीन जमले की चार, मग पाच. गोष्ट तीच ठेवा, आकडा बदला. रोज नवी गोष्ट असेल तर सगळं लक्ष गोष्टीतच अडकतं.

बोट तोंडापुढे पळत असेल तर बोटाने मोजणं थांबवा. एकेक संत्रं उचलून पिशवीत टाकताना आकडा म्हणू द्या. मोजून झाल्यावर ‘किती?’ विचारलं आणि ती पुन्हा एकपासून सुरू झाली, तर शेवटचा आकडा तिच्यासाठी अजून ‘एकूण’ झालेला नाही. अशा वेळी तुम्ही मोजून दाखवा, ‘एक, दोन, तीन, चार. चार संत्री!’ आणि लगेच पिशवीचं तोंड धरून विचारा, ‘आत किती?’

प्रश्न : नातू पहिलीत आहे. संख्यापट्टीवर ४ अधिक ३ केले की ६ सांगतो. नेहमी एक कमी.
– एक आजी, महाल

उत्तर : आजी, तो चारवर बोट ठेवून तिथूनच ‘एक’ म्हणतो : चार, पाच, सहा. त्याला मेट्रोची गोष्ट सांगा. चिमणी सीताबर्डीला लोकमान्यनगरच्या गाडीत बसली आणि तिसऱ्या स्टेशनला उतरली. कुठे? सीताबर्डी मोजायचं नाही, गाडी अजून हललेलीच नाही. झाशी राणी चौक एक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स दोन, शंकरनगर चौक तीन. खडूने फरशीवर चौकोन आखून त्याला उड्या मारू द्या. उडी मारून पाय टेकला की मगच आकडा म्हणायचा. हे पक्कं झालं की पट्टीवर या : चार हे बसायचं स्टेशन. परतीच्या गाडीत वजाबाकी होते.

प्रश्न : अंगणवाडीत तीन ते सहा वयाची पंचवीस मुलं आहेत. एकच गोष्ट सगळ्यांना कशी पुरेल?
– एक सेविका, पारडी

उत्तर : गोष्ट एकच, वरची माकडिणीचीच; प्रश्न वेगवेगळे. तिनाच्या मुलाला ‘जास्त कुठे आहेत?’, चाराच्याला ‘प्रत्येक पिल्लाला एकेक संत्रं दे’, पाचाच्याला ‘अजून दोन पिल्लं आली तर किती लागतील?’ पाच मुलं मधे खेळतील, बाकीच्यांनी उत्तर ओरडायचं नाही, बोटांनी दाखवायचं. म्हणजे कोण अडलंय ते एका नजरेत कळतं. चिंचोके-बिया लहानग्यांच्या हाती देऊ नका, तोंडात जातात. बाटल्यांची मोठी झाकणं बरी.